होडीवरचा शेवटचा हात

मालवणहून कसालकडे जाणाऱ्या वाटेवर कट्टा हे गाव आहे. गाव किनाऱ्यापासून आत असले, तरी होडी कशी असते हे येथील मुलास सांगावे लागत नाही. पावसाळ्यात समुद्र खवळला, म्हणजे किनाऱ्यावरील होड्या वर ओढून ठेवतात. नारळी पौर्णिमेच्या सुमारास त्या पुन्हा पाण्यात उतरतात. समजा, अशाच दिवसांत कट्ट्यातील एका मुलाने शिवणीच्या लाकडातून वीतभर लांबीची होडी कोरली. पौर्णिमेस ती तळ्यात सोडावयाची, असा त्याचा बेत आहे. आठ दिवस उरले आहेत. नाळ उभी राहिली, पोट कोरून झाले, डोलकाठीसाठी भोकही पडले. आता वरवर थोडे घासले आणि रोगण लावले की काम संपले, असे त्यास वाटते.

मुलांनो, निम्मे काम अजून व्हावयाचे आहे, आणि तेच अधिक चिकाटीचे आहे.

लाकूड म्हणजे लांब तंतूंची जुडी. तंतूंच्या दिशेने घासले, तर ते एकमेकांशेजारी शांतपणे बसतात. आडवे घासले, तर तुटतात आणि ओरखडे राहतात. सपाट फळीवर हा नियम पाळणे सोपे आहे. होडीचे अंग मात्र सपाट नसते. नाळेकडे ते वळते, तेथे तंतू तिरपे होतात आणि टोकाशी तर त्यांची तोंडेच उघडी पडतात. त्यामुळे मधला भाग गुळगुळीत करणारा हात नाळेजवळ गेला, की तेथे कुसे उभी करतो! शिवाय कागद नुसत्या बोटांनी दाबला, तर बोटांखाली खळगे पडतात आणि नेटक्या कडा गोल होऊन जातात. म्हणून कागद बाहेरच्या अंगास ठोकळ्यावर आणि पोटाच्या आत गोल काठीवर गुंडाळून फिरवावा.

घासकागदाच्या पाठीवर आकडा छापलेला असतो: 80, 120, 180, 220. आकडा मोठा, तितके कण बारीक. 80 चा कागद पटाशीच्या खुणा मिटवितो, पण स्वतःचे ओरखडे मागे ठेवितो. ते 120 ने काढावयाचे, 120 चे 180 ने, आणि असेच पुढे. कंटाळलेला मुलगा येथेच फसतो. तो 80 वरून एकदम 220 वर उडी मारतो. बारीक कागद ओरखड्यांच्या कडा तेवढ्या चकचकीत करितो. तळ तसाच राहतो. सुक्या लाकडावर हे दिसत नाही. रोगणाचा पहिला हात फिरला, की मांजराने नखे मारल्यासारख्या रेघा साऱ्या अंगावर उमटतात. मग रोगण खरवडून पुन्हा 120 पासून आरंभ करावा लागतो. चार दिवसांची मेहनत गेलेली पाहून डोळ्यांत पाणी आले, तर त्यात नवल नाही.

रोगणापूर्वीच हे दोष दाखविणारी एक साधी युक्ती सुतारांस ठाऊक असते. होडी ओल्या फडक्याने पुसावी आणि खिडकीच्या तिरप्या उजेडात धरावी. लपलेले ओरखडे दिसू लागतात. सांडलेल्या सरसाचे डागही फिकट दिसतात. तेथे रंग धरत नाही. ओलाव्याने दबलेले तंतू उठून उभे राहतात. ते पूर्ण वाळल्यावर बारीक कागदाने हलकेच काढावे. डोळ्यांपेक्षा बोटांवर अधिक विश्वास ठेवावा.

असे कागद नव्हते, तेव्हा लोक काय करीत? आपल्या सह्याद्रीच्या रानात खरवत नावाचे एक झाड आहे. त्याची पाने इतकी खरखरीत असतात, की त्यांनी लाकूड घासून साफ करीत. कित्येक देशांतील सुतार मुशीसारख्या माशांचे वाळलेले कातडे वापरीत. तेराव्या शतकात चीनमध्ये वाळू व शिंपल्यांचा चुरा डिंकाने चर्मपत्रावर चिकटवीत, असे सांगतात. आजच्या कागदाचा तो पूर्वजच म्हणावयाचा.

आता रोगण. लाखेचे पॉलिश सुंदर दिसते, पण पाण्यात राहिले की पांढरे पडते. होडीस ते कामाचे नाही. तेलाचे रोगण पाण्यास टिकते. ते हवेतील प्राणवायू घेऊन वाळते, आणि श्रावणातील दमट हवेत ही क्रिया फार मंद चालते. सकाळी लावलेला हात संध्याकाळी बोटास चिकटतो. तसाच दुसरा हात दिला, तर खालचा थर मऊ राहून वर सुरकुत्या पडतात. नाळेच्या टोकाशी उघडी तंतुमुखे रोगण पिऊन काळवंडतात. म्हणून टोक इतर भागापेक्षा अधिक बारीक घासलेले असावे लागते. प्रत्येक दोन हातांमध्ये 320 चा कागद हलकेच फिरवावा आणि धूळ पुसून घ्यावी. या हिशेबाने पौर्णिमेची होडी गोपाळकाल्यास तयार होते!

मोठ्या होड्यांची निगाही अशीच वेळखाऊ असे. लाकडास माशाचे तेल, किंवा काजूच्या टरफलातून निघणारे काळे तेल लावीत. हे दुसरे तेल कातडी भाजते, परंतु किडीस व पाण्यास लाकडापासून दूर ठेवते. आज मालवणच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या पुष्कळ दिसतात. त्या साच्यातून निघतात आणि साच्याचाच गुळगुळीतपणा घेऊन येतात. साचा मात्र घासूनच चकचकीत करावा लागतो; त्यावर राहिलेला एक ओरखडा त्यातून निघणाऱ्या प्रत्येक होडीवर उमटतो.