ओला काठ, कोरडा काठ

दापोली तालुक्यात आमच्या घरामागे, आगर संपतं तिथे, बारा फूट लांब आणि आठ फूट रुंद असं छोटं तळं आहे. गेली नऊ वर्षं त्याच्या काठावर मी परदेशी फुलझाडं लावते आहे: हेलिकोनिया, थालिया, पॉन्टेडेरिया, स्पायडर लिली. सगळी बहुवर्षायू, म्हणजे एकदा जीव धरला की कंदातून दर वर्षी फुटत राहणारी. कुणाला असा काठ करायचा असेल, तर मला जे उमगलं ते उपयोगी पडेल.

१. तळं भरलेलं असलं, तरी काठ कोरडा असू शकतो.

आमच्या जांभ्यात पाणी ठरत नाही. म्हणून शेततळ्याला घालतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद आम्ही घातला. पहिल्या एप्रिलमध्ये तळं काठोकाठ होतं आणि दीड हातावरची स्पायडर लिली पिवळी पडून लोळली होती. माती उकरून पाहिली, तर ओलीचं नाव नाही. कागदानं पाणी आत राखलं होतं. बाहेरच्या मातीला त्यातला थेंबही मिळत नव्हता. मग काठालगत हातभर खोल चर खणला, त्यात उरलेला कागद अंथरला, त्याला तळापासून वीतभर उंचीवर बाजूनं भोकं पाडली आणि माती, शेणखत नि कुजलेला पातेरा भरला. आता उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा नळी सोडली की चराचा तळ ओला राहतो आणि वरची मुळं गुदमरत नाहीत.

२. पाण्यात पाय आणि पाण्याशेजारी पाय, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. हेलिकोनिया पावसाळी जंगलातलं झाड, त्याला पाणी हवंच, असं धरून मी सहा कंद तळ्याच्या आतल्या पायरीवर, चार बोटं पाण्याखाली लावले. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. श्रावण संपायच्या आत सहाही कंद कुजले. एक उपटला तर मऊ लगदा हातात आला, त्याचा वास दोन दिवस जाईना.

त्याच संध्याकाळी मागच्या न्हाणीकडे लक्ष गेलं. सासूबाईंनी लावलेलं सगळं तिथे जागच्या जागी होतं. सांडपाणी पडतं तिथे आळू, त्याच्या कडेला कर्दळ आणि दोन पावलं वर, पाणी नुसतं झिरपत येतं तिथे, केळ. त्यांनी कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं. कोण किती पाणी सोसतं ते पाहून ठेवलं होतं. हेलिकोनिया केळीच्या गोतातली, तेव्हा तिची जागा केळीचीच. मी नवे कंद पाण्यापासून वीतभर उंच, निचऱ्याच्या मातीत लावले आणि ते लागले. थालिया आणि पॉन्टेडेरिया मात्र खुशाल पाण्यात उभी राहतात, वीतभर पाणी असलं तरी. कर्दळ दोन्हीकडे जगते. गंमत अशी, की जिला आपण घरची समजतो ती कर्दळही मूळची अमेरिकेची. लिनियसनं १७५३ साली तिच्या नावाला ‘इंडिका’ जोडलं, एवढंच.

३. कागदाला सगळ्यात मोठा धोका मुठ्यांचा, म्हणजे खेकड्यांचा. आमचा गडी एका सकाळी म्हणाला, “वैनी, मुठ्यानं कागद फोडलान.” खरंच, बोटभर भोक होतं. ठिगळ लावलं, काठावर जांभ्याचे चिरे सिमेंटात बसवले, तेव्हापासून त्रास नाही. साळिंदर कंद उकरतं त्याला मात्र कुंपणच हवं.

४. हेलिकोनियाचा एक दांडा एकदाच फुलतो.

फुलून गेलेला दांडा पुढच्या वर्षासाठी राखण्यात अर्थ नाही. तो जमिनीलगत कापावा, म्हणजे कंदाची ताकद नव्या कोंबांना मिळते. ‘रोस्ट्राटा’ जातीची लाल माळ खाली लोंबते. ती जवळून पाहा. लाल, टोकाला पिवळी दिसतात ती फुलं नव्हेतच, ती सहपत्रं. खरं फूल त्यांच्या आत, छोटं, पिवळसर. अमेरिकेत त्यातला मध हमिंगबर्ड पितात. आमच्याकडे शिंजीर येतो, दांड्याला उलटा लटकतो आणि बाकदार चोच नेमकी आत घालतो. सरळ उभ्या वाढणाऱ्या जाती लावल्यात तर त्यांच्या सहपत्रांत पावसाचं पाणी साठतं, त्यात डासांच्या अळ्या होतात. पावसाळ्यात दर चार दिवसांनी दांडा वाकवून ते ओतून द्यावं.

५. शेणखत चरात घालावं, तळ्यात नव्हे. पाण्यातल्या टोपल्यांत नुसती जड माती आणि वर बोटभर खडी. खत पाण्यात उतरलं की महिन्याभरात हिरवं शेवाळ माजतं.

६. काठावरचं झाड कुंपणाबाहेर जाता कामा नये.

याबाबतीत मी हट्टी आहे. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात आली ती तिच्या देखण्या जांभळ्या फुलांसाठी, कुणाच्या तरी बागेतल्या पाण्यातच. आज इंद्रायणीवर आणि पंचगंगेवर ती कशी पसरते हे आपण पाहतो. केरळच्या भातखाचरांत माजलेलं पिवळ्या फुलांचं लिम्नोकॅरिसही शोभेसाठीच आलेलं. माझी पॉन्टेडेरिया त्या जलपर्णीचीच बहीण. दक्षिण आफ्रिकेत ती उपद्रवी परकीय वनस्पती म्हणून नोंदलेली आहे. म्हणून ती मी भोकं नसलेल्या टबात ठेवते आणि दर वर्षी मे महिन्यात तिचे कंद विरळते. काढलेला एकही तुकडा पऱ्ह्यात टाकत नाही, कातळावर पसरून कडकडीत वाळवते. तळ्याचं जास्तीचं पाणी ज्या पाटानं बाहेर जातं त्याच्या तोंडाशी बारीक जाळी आहे. डासांसाठी सोडलेले गप्पी मासेही परदेशीच, त्यांनाही ती अडवते. पावसात जाळी रोज हातानं साफ करावी लागते, पण ते काम मी चुकवत नाही.

कुणी कंद मागायला आलं तर हेलिकोनिया आणि कर्दळ मी आनंदानं देते. ज्यांच्या आवारातून ओहोळ वाहतो, त्यांना पॉन्टेडेरिया देत नाही.