वाचकांचे प्रश्न : नवऱ्याने आणून दिलेल्या फोनमधली पाळत

प्रश्न : वकीलसाहेब, मी राहात्याची. घरी शिवणकाम करते. दीड वर्षापूर्वी मिस्टरांनी मला नवा फोन आणून दिला, सगळं आधीच चालू करून. तेव्हापासून मी आईशी फोनवर काय बोलले, बाजारात कुठे किती वेळ थांबले, हे त्यांना संध्याकाळपर्यंत कळलेलं असतं. भावाने फोन तपासला तेव्हा 'सिस्टिम सर्व्हिस' असं काहीतरी नाव असलेलं ॲप निघालं. त्याला माइक, लोकेशन, मेसेज, सगळ्याची परवानगी होती. मिस्टर म्हणतात, "फोन माझ्या पैशाचा, पावती माझ्या नावाची. तुझी सगळी रेकॉर्डिंग माझ्याकडे आहेत, वेळ आली तर कोर्टात लावीन." हे कायद्यात बसतं का? मी ते ॲप काढून टाकू का?

उत्तर : ताई, कायद्यात बसत नाही. पण ॲप आज काढू नका. ते बंद पडल्याचे त्यांना लगेच कळेल, आणि तुमच्या हातातला पुरावाही जाईल. तोवर वकिलाला, माहेरी किंवा मदतीसाठी करायचे फोन भावाच्या किंवा शेजारणीच्या फोनवरून करा. तुमच्या हातातला फोन सध्या तुमचा राहिलेला नाही असे धरूनच वागा.

फोनमधली पाळत म्हटले की लोकांना पेगॅसस आठवते. २०२१ साली त्यावरून देशभर वादळ उठले आणि सर्वोच्च न्यायालयाला निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमावी लागली. घरातल्या पाळतीला एवढे काही लागत नाही. फोन काही मिनिटे हातात मिळाला आणि पासवर्ड माहीत असला की पुरते. म्हणूनच या गोष्टी तालुक्याच्या गावीही होतात, आणि बहुतेक बायका त्या मुकाट्याने सोसतात.

आता पावतीबद्दल. हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण पोलीस ठाण्यातही तो निघेल. फोनमध्ये परवानगीशिवाय शिरण्यावर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये कलम ४३ आहे. तेच काम अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने केले तर कलम ६६ लागते आणि ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कलम ४३ मधले शब्द 'मालकाच्या किंवा यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीविना' असे आहेत. तुमचे मिस्टर नेमके इथेच म्हणतील, मालक मीच. त्यावर उत्तर आहे : फोन रोज तुमच्या ताब्यात आहे आणि त्यातली गुगल व व्हॉट्सॲपची खाती तुमची आहेत. तरीही युक्तिवादाला जागा उरते. म्हणून तक्रारीचा मुख्य आधार या कलमावर ठेवू नका.

मुख्य आधार भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ चा घ्या. १ जुलै २०२४ पूर्वी हेच दंड संहितेचे कलम ३५४-ड होते. एखादा पुरुष एखाद्या स्त्रीच्या इंटरनेट, ई-मेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर पाळत ठेवत असेल, तर तो गुन्हा आहे. फोन कोणाच्या पैशाचा, हा प्रश्नच त्या कलमात नाही. 'नवरा सोडून' असेही तिथे कुठे लिहिलेले नाही. पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पहिल्या वेळचा गुन्हा जामीनपात्र आहे, हेही माहीत असू द्या : तक्रार दिली की माणूस आत जाऊन बसेल असे नाही. 'त्या परिस्थितीत माझे वागणे वाजवी होते' हा बचाव कायद्याने त्यांना ठेवला आहे. पण दीड वर्ष बायकोचे आईशी बोलणे ऐकणे कोणत्या परिस्थितीत वाजवी ठरते, हे त्यांना न्यायालयात सांगावे लागेल. मला तरी त्याचे उत्तर सुचत नाही.

रेकॉर्डिंगची धमकी मात्र मी हलकी घेणार नाही. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नवरा-बायकोमधले गुपचूप रेकॉर्ड केलेले बोलणे घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून घेता येते. न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. सतीशचंद्र शर्मा यांच्यापुढे पंजाबातले प्रकरण होते. जोडीदारावर हेरगिरी करण्याची वेळ आली म्हणजे नात्यातला विश्वास आधीच गेलेला असतो, असाही त्या निकालाचा रोख आहे. मला तो निकाल खुपतो. घराघरात कान लावून बसायला त्याने बळ मिळेल अशी भीती वाटते. पण निकाल आहे तो असा आहे. तुमच्यासाठी फरक एवढाच की त्या खटल्यात नवऱ्याने स्वतःशी झालेले बोलणे टिपले होते. तुम्ही आणि तुमची आई बोलत असताना तिसऱ्याने ॲप लावून ऐकणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तुमच्या वकिलाने तो फरक ठामपणे मांडावा. शिवाय पुरावा दाखल झाला म्हणून तो मिळवताना केलेला गुन्हा पुसला जात नाही.

याचे आपल्याच राज्यातले उदाहरण आहे, आणि ते उलट बाजूचे आहे. छळाच्या तक्रारीसाठी पुरावा हवा म्हणून एका पत्नीने नवऱ्याचे ई-मेल खाते त्याच्या परवानगीविना उघडले. प्रकरण महाराष्ट्राचे तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अग्रवाल यांच्याकडे न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने आले. ऑक्टोबर २०११ मध्ये त्यांनी ठरवले की तिने कलम ४३ मोडले आहे. माहिती तिने फक्त पोलीस आणि न्यायालयाला दिली होती, म्हणून नवऱ्याला भरपाई दिली नाही. तिला मात्र १०० रुपये नाममात्र दंड सरकारजमा करावा लागला. रक्कम लहान आहे, पण लग्नाने पासवर्डवर हक्क मिळत नाही हे त्यातून स्वच्छ झाले. तुम्हीही 'रेकॉर्डिंग कुठे आहेत बघू' म्हणून मिस्टरांच्या खात्यात शिरू नका. भावालाही शिरू देऊ नका.

नव्या डेटा संरक्षण कायद्याचे नाव तुम्हाला कोणीतरी सुचवेल. २०२३ च्या त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. आणि एका व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर त्या कायद्याने मुळातच बाहेर ठेवला आहे. तुमच्या घरात तो येत नाही.

करायचे असे. दुसऱ्या फोनने त्या ॲपचे नाव, त्याच्या परवानग्या, 'डिव्हाइस ॲडमिन' आणि 'ॲक्सेसिबिलिटी'च्या यादीतली त्याची नोंद यांचे फोटो काढा. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा आणि गुगल खात्यात कोणकोणती उपकरणे जोडलेली आहेत ते पाहा. त्यांचेही फोटो घ्या. पुष्कळदा पाळत ॲपपेक्षा याच वाटेने चालते. मिस्टर कोणत्या दिवशी काय बोलले ते तारखेनिशी वहीत लिहा. मग फोन घेऊन राहाता पोलीस ठाण्यात जा, नाहीतर अहिल्यानगरच्या सायबर पोलीस ठाण्यात. हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवावा लागतो आणि त्याची प्रत तुम्हाला फुकट मिळते. नोंदवून घेतलेच नाही तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. फोटो न्यायालयात लागण्यासाठी साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. ते वकील तयार करून घेतील.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर राहाता न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन केला तरी चालेल. आणि तुम्हाला खटल्याआधी फक्त हे थांबायला हवे असेल, घरही सोडायचे नसेल, तर कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करा. मानसिक छळ त्यात येतो, संरक्षणाचा आदेश मिळू शकतो आणि राहत्या घरातून तुम्हाला कोणी काढू शकत नाही. फोन साफ करणे, सगळे पासवर्ड बदलणे हे यानंतर, आणि तेही तुम्ही सुरक्षित जागी असताना.

प्रश्न : मुलगी लोणीला शिकते, वसतिगृहात राहते. वय १७. काळजीपोटी तिच्या फोनमध्ये तिला न कळवता ट्रॅकिंगचे ॲप टाकावे म्हणतो. गुन्हा होईल का?

उत्तर : पालक म्हणून अल्पवयीन मुलीच्या फोनवर लक्ष ठेवायला तुम्हाला जागा आहे. 'न कळवता' मात्र नको. गुगलही आपल्या प्ले स्टोअरवर पालकांसाठीची जी ॲप ठेवू देते, त्यांना फोनवर सतत सूचना दाखवावी लागते, लपून चालता येत नाही. तिला विचारून 'फॅमिली लिंक'सारखे काहीतरी लावा. ती १८ वर्षांची झाली की तेही तिच्या मर्जीवर. वर सांगितलेल्या कलम ७८ मध्ये बापासाठीही वेगळी सूट लिहिलेली नाही.

प्रश्न : अस्तगावला माझी पेरूची बाग आहे. व्हॉट्सॲपवर ओळखीच्या नंबरवरून 'पीएम किसान' नावाची फाइल आली. ती उघडली, मग फोन गरम होऊ लागला आणि रात्रीतून खात्यातले ६२ हजार गेले. ओटीपी मी कोणालाही सांगितला नाही. बँक म्हणते, चूक तुमची.

उत्तर : ती फाइल म्हणजे एपीके, म्हणजे थेट ॲपच. तिने मेसेज वाचायची परवानगी घेतली आणि ओटीपी परस्पर चोरांकडे पोचवला. असेच लग्नपत्रिकेच्या नावाने ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याचे सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. शिकलेली, नोकरीतली माणसेही यात सापडतात. तुम्ही शरमू नका.

१९३० वर अजून फोन केला नसेल तर हे वाचून झाल्यावर नव्हे, आत्ता करा. पैसे चोरांच्या खात्यांतून पुढे सरकायच्या आत गोठवता आले तर परत मिळण्याची आशा असते. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक बँकेत लेखी द्या आणि पोच घ्या.

'चूक तुमची' हे बँकेने नुसते म्हणून भागत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमांत, आधी व्यापारी आणि मग सहकारी बँकांसाठी, ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला आहे. दोष बँकेचाही नाही आणि तुमचाही नाही, अशा व्यवहारात कळल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवले तर तुमचे नुकसान शून्य धरायचे. तुमचा हलगर्जीपणा सिद्ध झाला तरी तुम्ही कळवल्यानंतर गेलेला पैसा बँकेच्या अंगावर. म्हणून तुम्ही बँकेला कोणत्या दिवशी, किती वाजता कळवले, त्यावर सगळे अवलंबून आहे. आसामच्या एका ग्राहकानेही फसवणाऱ्याच्या सांगण्यावरून फोनमध्ये ॲप घेतले होते आणि ९४ हजारांहून जास्त रक्कम गेली होती. त्याने २४ तासांच्या आत स्टेट बँकेला कळवले. गुवाहाटी उच्च न्यायालयाने पैसे द्यायला लावले आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. बँकेला द्यायच्या अर्जात या निकालाचा उल्लेख करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. त्याला फी नाही.

फोनचे इंटरनेट बंद ठेवा, यूपीआय पिन आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, पोलिसांनी बघेपर्यंत तो मेसेज पुसू नका. अशी फाइल तुमच्या नंबरवरून तुमच्याच ओळखीच्यांना पुढे गेलेली असण्याची दाट शक्यता आहे, जशी ती तुमच्याकडे आली. तेव्हा सोसायटीच्या, बागायतदारांच्या, भावकीच्या गटांवर घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवरून आजच तुमच्या आवाजात निरोप टाका : माझ्या नावाने आलेली फाइल उघडू नका.