नारळाचे अत्तर आणि जुलैची दुपार

सस्काटूनच्या ज्या फेब्रुवारीत पारा शून्याखाली ३० अंशांपर्यंत उतरतो आणि २४ अंशांखाली गोठणारे खोबरेल तेल घरातल्या फडताळातही पांढरे, घट्ट होऊन बसते, त्या फेब्रुवारीत नारळाचे अत्तर विकत घेण्याची बुद्धी मला झाली. आणि ज्याचे बालपण रत्नागिरीच्या माडांखाली गेले त्याला ती व्हावी हे स्वाभाविकच होते, एवढे मी माझ्या बचावादाखल नमूद करून ठेवतो.

दुकानात कागदाच्या पट्टीवर मारलेल्या फवाऱ्यातून आधी लिंबाच्या सालीचा तजेला आणि त्यामागून सौम्य, दुधाळ गोडवा आला, आणि मी तत्काळ पैसे मोजले. पुढे कळले की हा गोडवा नारळातून काढलेला नसून बहुधा गॅमा-नोनालॅक्टोन नामक द्रव्याचा असतो. अत्तरवाल्यांच्या दप्तरी त्याची नोंद ‘आल्डिहाइड सी-१८’ अशी असली तरी ते आल्डिहाइड नव्हेच, म्हणजे नाव एका कुळाचे आणि जात दुसरी! किसणीवरच्या ओल्या खोबऱ्याचा क्षणभंगुर गंध त्यात शोधू नये. लिंबाचा अंश अर्ध्या घटकेत उडून जातो आणि हे जड, मंदगतीने उडणारे द्रव्य मात्र रात्रीपर्यंत अंगावर ठाण मांडते, हे त्या पट्टीने मला सांगितले नाही, कारण तेवढा वेळ मी तिला दिलाच नव्हता.

थंडीत सारे निभावले. जुलैत, उष्मा ३० अंशांवर गेलेला आणि सूर्य रात्री नऊनंतर मावळणारा अशा एका दिवशी, मी मानेवर व मनगटांवर चार फवारे मारले. काही वेळाने गंध जाणवेना, तेव्हा दोष येथील कोरड्या हवेला देऊन आणखी दोन मारले. वस्तुतः अत्तर जागच्या जागी होते, थकले होते ते माझे नाक. सततच्या गंधाची दखल घेणे ते सोडून देते, शेजाऱ्याचे नाक मात्र सोडत नाही. कचेरीच्या दारावर सुगंध वापरू नये अशी पाटी होती, जी मी आपल्याकडील ‘येथे थुंकू नये’च्या पंक्तीत बसवून तीन वर्षे वाचीत आलो होतो. बंद खोलीतल्या बैठकीतून एक सहकारी डोके धरून उठली, आणि सायंकाळी वरिष्ठांनी मला बाजूस घेऊन अतिशय सौजन्याने ताकीद दिली. घरी पत्नी म्हणाली, “अहो, तुमच्या आधी करंज्यांचं सारणच घरात येतं!”

ज्यांना हा मोह होईल त्यांनी पट्टीवर विसंबू नये. एका मनगटावर एकच फवारा घेऊन, ज्या ऋतूत ते वापरावयाचे त्याच ऋतूतल्या उन्हाउकाड्यात एक पूर्ण दिवस काढावा, आणि निवाडा दुसऱ्याच्या नाकावर सोपवावा. कोरड्या त्वचेवर सुगंध लवकर विरतो, म्हणून आधी गंधरहित मलम चोळावे, फवारे वाढवू नयेत. लिंबाचा अंश असल्यास उघड्या मानेवर मारून उन्हात बसणे टाळावे: सालीच्या तेलातील काही द्रव्ये उन्हाने त्वचा पोळवितात व काळे डाग उठवितात, मोठे कारखानदार त्यांचे प्रमाण मर्यादित ठेवतात, परंतु हौशी घरगुती मिश्रणांना तसा काही जाबता नसतो. आणि दवाखान्यात जाताना तर अत्तराला मुभाच नाही, असे समजावे.

हल्ली रविवारी सायंकाळी साउथ सस्कॅचवान नदीकाठी फिरावयास निघताना, दंडाच्या आतल्या बाजूस, सदऱ्याखाली, एक फवारा एवढीच माझी तजवीज असते. नोव्हेंबरात मात्र लोकरीचा मफलर पेटीतून काढला, तर फेब्रुवारीतला नारळ त्यात अद्याप शाबूत! पत्नीने तो दोन बोटांनी उचलला आणि एक अक्षर न बोलता गॅरेजात नेऊन टांगला.