संततिप्रतिबंधक गोळी आणि मद्यपान

काजूची बोंडे पिकू लागली की गोव्याच्या गावोगावी भट्ट्या पेटतात. मार्च ते मे या दिवसांत पहिल्या ऊर्ध्वपातनाची हुर्राक आणि तीच पुन्हा भट्टीवर चढवून काढलेली फेणी अनेक घरांत पाहुण्यांपुढे ठेवली जाते. सण, लग्नकार्य वा फेस्त असले म्हणजे स्त्रियाही घोटभर घेतात. यांपैकी ज्या स्त्रिया संततिप्रतिबंधक गोळ्या घेत असतात, त्यांच्या मनात एक प्रश्न येणे स्वाभाविक आहे. परंतु तो विचारावयास त्यांना संकोच वाटतो. प्रश्न असा की, मद्य घेतले असता गोळी निष्फळ होते काय?

या प्रश्नाचे चुकीचे उत्तर दोन्ही बाजूंनी घातक ठरते. 'होते' असे समजून एखादी स्त्री त्या दिवशी गोळीच टाळते. 'काहीच होत नाही' असे समजून दुसरी गाफील राहते. म्हणून हा विषय नीट समजून घेतला पाहिजे.

गोळीचे कार्य

शासकीय आरोग्य केंद्रांतून विनामूल्य मिळणाऱ्या माला-एन गोळ्यांच्या पाकिटात 28 गोळ्या असतात. त्यांपैकी 21 गोळ्यांत लेव्होनॉरजेस्ट्रेल (0.15 मिलिग्रॅम) व एथिनिल इस्ट्रॅडिऑल (0.03 मिलिग्रॅम) ही संप्रेरके असतात, रंगाने वेगळ्या असलेल्या उरलेल्या 7 गोळ्या लोहाच्या असतात. संप्रेरकांमुळे बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडत नाही आणि गर्भाशयाच्या मुखाशी असलेला स्राव घट्ट होतो. रक्तातील संप्रेरकांचे प्रमाण टिकून राहावे म्हणून गोळी दररोज, शक्यतो ठरलेल्या वेळी, घ्यावयाची असते.

मद्याचा परिणाम

गोळीतील संप्रेरके व मद्य या दोहोंचे विघटन यकृतात होते. तथापि मद्यामुळे संप्रेरके इतक्या वेगाने नष्ट होत नाहीत की गोळी निकामी व्हावी. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन किंवा अपस्मारावरील फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधे मात्र तसे घडवून आणतात. ती चालू असल्यास गोळी देणाऱ्या परिचारिकेस अथवा डॉक्टरांस अवश्य सांगावे. मद्य या औषधांच्या पंक्तीत बसत नाही. म्हणून मद्य घेतले या कारणास्तव गोळी टाळू नये.

मग धोका कोठे?

पहिला धोका विस्मृतीचा. रात्री झोपताना गोळी घेणारी स्त्री उत्सवाच्या रात्री मद्याच्या अमलाखाली झोपी गेली तर गोळी पाकिटातच राहते. दुसरा धोका वांतीचा. गोळी घेतल्यापासून दोन-तीन तासांच्या आत वांती झाली तर ती अंगी लागली नाही असे समजावे आणि जवळच्या जादा पाकिटातून तशीच दुसरी गोळी घ्यावी. यासाठी एक पाकीट नेहमी शिल्लक ठेवणे चांगले. रात्री जागरण ठरलेले असेल, तर गोळीची वेळ सकाळच्या चहाची ठरवून घ्यावी.

गोळी चुकल्यास

एक गोळी चुकली तर आठवण होताच ती घ्यावी व पुढची नेहमीच्या वेळी घ्यावी, मग एका दिवशी दोन गोळ्या झाल्या तरी चालेल. सलग दोन वा अधिक संप्रेरक-गोळ्या चुकल्यास एक गोळी ताबडतोब घ्यावी, पुढील क्रम चालू ठेवावा आणि सात दिवस निरोध वापरावा. ही चूक संप्रेरक-गोळ्यांच्या शेवटच्या आठवड्यात झाली असेल, तर त्या गोळ्या संपताच लोहाच्या गोळ्या वगळून नवे पाकीट सुरू करावे. चूक पहिल्या आठवड्यातील असून दरम्यान संबंध आला असेल, तर 72 तासांच्या आत आरोग्य केंद्रात जाऊन तातडीच्या गोळीविषयी विचारावे. जितका विलंब कमी, तितका उपयोग अधिक.

पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व त्यानंतर आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या 'छाया' गोळीत संप्रेरके नसतात व तिचे नियम निराळे आहेत. ते परिचारिकेकडून समजून घ्यावेत.

यकृत आणि गर्भ

वरील विवेचनाचा अर्थ मद्य निरुपद्रवी आहे असा नव्हे. दीर्घकाळ अतिमद्यपान केल्याने यकृत कठीण होते. तीव्र यकृतविकार असलेल्या स्त्रीस ही गोळी देत नाहीत. तिला दुसरे साधन सुचवावे लागते. डोळे पिवळे होणे, पोटाच्या उजव्या बाजूस वरती तीव्र वेदना होणे ही लक्षणे दिसताच तपासणी करून घ्यावी.

गोळ्या चुकल्या आणि पाळी आली नाही, तर प्रथम गर्भाची तपासणी करावी आणि तोवर मद्य वर्ज्य करावे. गर्भारपणात मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. मद्य वारेतून थेट गर्भापर्यंत पोहोचते व त्याच्या मेंदूच्या वाढीस अपाय करू शकते.

कार्यकर्त्यांस विनंती

उपकेंद्रातील परिचारिका, अंगणवाडी सेविका व शिक्षक यांनी हा विषय काढताना दोषारोपाचा सूर लावू नये. 'तू पितेस काय?' असे विचारल्यास उत्तर 'नाही' असेच येईल. त्याऐवजी 'गोळी घेतल्यावर कधी उलटी झाली काय? मागील महिन्यात किती गोळ्या राहिल्या?' असे विचारावे आणि पाकीट पाहावे. जिला सत्य सांगताना भीती वाटत नाही, तिलाच योग्य वेळी योग्य सल्ला देता येतो.