संथ जोडणीवरून नोंदींची दुसरी प्रत

आमच्या रुग्णालयातील क्ष-किरण चित्रे, तपासणी अहवाल व औषधोपचारांच्या नोंदी नेटवर्कवरील साठवण यंत्रात जमा होतात. केमोथेरपीच्या पाचव्या फेरीस आलेल्या रुग्णाच्या आधीच्या चार मात्रा नातेवाइकांच्या स्मरणावर सोडता येत नाहीत. म्हणून दुसरी प्रत ग्रामीण केंद्रातील यंत्रात ठेवली जाते. परंतु तेथवरच्या जोडणीचा वेग सेकंदाला ४ मेगाबिट इतकाच आहे. त्या वेगाने १ टेराबाइट पाठवण्यास अखंड २३ दिवस लागतात. सबब पहिली संपूर्ण प्रत डिस्कवर उतरवून जीपने नेली.

प्रश्न उरतो तो रोजच्या भरीचा. बदललेली फाइल सबंध पाठवणे ही सर्वांत सोपी रीत. क्ष-किरण चित्रांना ती पुरते, कारण काढलेले चित्र पुन्हा बदलत नाही. डेटाबेसचे तसे नाही. चार ओळी वाढल्या तरी २० जीबीची फाइल बदललेली ठरते, आणि रात्रीच्या आठ तासांत जेमतेम १४ जीबी जातात.

येथे 'आरसिंक' उपयोगी पडते. अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी ही आज्ञावली १९९६ साली ऑस्ट्रेलियात तयार केली. तिची युक्ती जुन्या कारकुनांना सहज उमगेल. दोन गावी एकाच खातेवहीच्या प्रती असल्यास पानोपानीच्या बेरजा कळवाव्यात आणि न जुळणारे पान तेवढेच पाठवावे. मध्येच ओळ घातल्याने पुढील मजकूर सरकला, तरी ती जुना भाग हुडकून काढते. मात्र झिप केलेल्या फाइलमध्ये किंचित बदलानेही बराच मजकूर पालटतो व बचत नाहीशी होते. म्हणून डेटाबेस आम्ही झिप न करताच पाठवतो.

झेडएफएससारख्या रचनेत बदललेल्या भागांची नोंद यंत्रच ठेवते; तुलनेचा खटाटोप वाचतो. पण दोन्ही टोकांना तीच रचना लागते, आणि आमची यंत्रे निरनिराळ्या वर्षी देणगीतून आलेली आहेत.

रीत कोणतीही असो, निव्वळ आरशासारखी प्रत धोक्याची. खंडणीखोर विषाणूने कुलूपबंद केलेली फाइल रात्री दुसरीकडेही तशीच जाऊन बसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर असा हल्ला झाला, तेव्हा कित्येक दिवस नोंदी हाताने कराव्या लागल्या. यास्तव ग्रामीण केंद्रात आम्ही ३० दिवसांच्या जुन्या आवृत्त्या राखतो व दरमहा एक नोंद परत आणून पडताळतो. १ जीबीचा सीटी स्कॅन परत येण्यास सुमारे ३५ मिनिटे लागतात. तातडीच्या रुग्णास हा विलंब परवडणारा नाही. त्याकरिता मुख्य इमारतीतच आणखी एक डिस्क-संच ठेवण्याचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे.