देवाकडे आपलं काही येणं आहे का?

आजचा शास्त्रभाग: लूक १७:७-१९



आजच्या भागातल्या दोन गोष्टी आपण बहुतेक वेगवेगळ्या वाचतो. पहिली दासाची. तो दिवसभर शेतात राबून घरी येतो, तरी धनी त्याला आधी आपलं जेवण तयार करायला सांगतो. येशू शिष्यांना म्हणतो, सांगितलेलं सगळं केल्यावरही आपण फक्त आपलं कर्तव्य केलं, असंच समजा. दुसरी गोष्ट दहा कुष्ठरोग्यांची. दहाही शुद्ध होतात, आभार मानायला एकच परत येतो.

पहिली गोष्ट आपल्याला टोचते. वर्षभर नीट काम केलं की अप्रायझलमध्ये काहीतरी मिळालंच पाहिजे, हा आपला हिशेब. तोच हिशेब आपण देवाकडेही नेतो. मी उपास केला, दशांश दिला, युवक संघात गाणी बसवली. मग माझंच लग्न का मोडलं? माझीच नोकरी का गेली? देवासमोर रडणं, विचारणं चुकीचं नाही, स्तोत्रं अशा प्रश्नांनी भरलेली आहेत. पण "मी एवढं केलं, आता तू दे" असं म्हणतो, तेव्हा आपण त्याला धनी मानत नाही. आपण त्याच्या दारात वसुलीला उभे असतो.

मग हा धनी कठोर आहे का? याच शुभवर्तमानात लूक १२:३७ उघडा. तिथे धनी स्वतः कंबर बांधतो, जाग्या दासांना जेवायला बसवतो आणि वाढतो. म्हणजे जे आपल्या हक्काचं नव्हतं, तेच तो आपणहून देतो. यालाच कृपा म्हणतात.

इथेच दोन्ही गोष्टी जुळतात. महिन्याचा पगार जमा झाला म्हणून कोणी डोळ्यांत पाणी आणून आभार मानत नाही. तो आपला हक्क असतो. आभार फक्त दानाचे मानता येतात. म्हणून नम्रता नसेल तर कृतज्ञता येणारच नाही.

आता कुष्ठरोग्यांकडे बघा. आपल्या भागाला हा आजार फक्त पुस्तकातला नाही. वरोऱ्याचं आनंदवन बाबा आमटेंनी याच रुग्णांसाठी उभं केलं. येशू त्या दहांना म्हणतो, जाऊन याजकांना दाखवा. तेव्हा अंगावर रोग तसाच आहे. ते निघतात आणि वाटेत शुद्ध होतात. आज्ञा दहांनीही पाळली. पण एक शोमरोनी, तोही परका मानलेला, मागे फिरला आणि येशूच्या पायांशी पालथा पडला. अधीन होणं आणि आभार मानणं, दोन्ही त्या एकाच कृतीत आहे.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य इथे आठवतं. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ, मग पती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण तिथल्या धर्मभगिनी सांगतील ते सगळं त्यांनी मुकाट्याने मान्य केलं नाही. प्रश्न विचारले, पत्रांतून वाद घातला. हे नीट लक्षात ठेवा. देवाची सत्ता मानणं म्हणजे देवाचं नाव घेऊन हुकूम सोडणाऱ्या प्रत्येक माणसापुढे मान तुकवणं नव्हे. कोणी पाळक किंवा पुढारी वचनाच्या जागी स्वतःला बसवत असेल, तर त्याला प्रश्न विचारणं हीसुद्धा देवाची अधीनताच.

याच रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना घेऊन आल्या. आपला चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनचा भार मुलगी मनोरमा उचलेल अशी आशा होती. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. रमाबाईंच्या मनात काय झालं असेल ते देवच जाणे. आपल्याला त्यांचं काम दिसतं. हिब्रू आणि ग्रीक शिकून हाती घेतलेलं मराठी बायबलचं भाषांतर त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. मुलगी गेली म्हणून देवाकडे हिशेब मागत त्या थांबल्या नाहीत, हातातली सेवा करत राहिल्या.

इथे सिरोंचाजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते. वर्धा आणि वैनगंगा आपापली नावं सोडून प्राणहिता झालेल्या असतात. इथे प्राणहिताही नाव सोडते. पाणी मात्र कमी होत नाही, पुढची गोदावरी त्याच पाण्याने मोठी होते. देवापुढे "माझं" सोडताना आपल्याला भीती वाटते की मी संपेन. तसं होत नाही.

आज एवढंच करा. ज्या गोष्टीसाठी तुम्ही देवावर रुसला आहात, ती त्याला स्पष्ट सांगा. मग न मागता मिळालेल्या तीन गोष्टी आठवा आणि नाव घेऊन आभार माना.

प्रार्थना: हे प्रभू, तू धनी आहेस आणि तूच आमची सेवा केलीस. आमचा हिशेबाचा कागद आम्ही तुझ्या पायांशी ठेवतो. उत्तर दिसत नसलं तरी चालायला शिकव, आणि मिळाल्यावर परत यायला विसरू देऊ नकोस. येशूच्या नावात, आमेन.