सावकाश सायकल, नदीकाठानं

आपल्या वडिलांच्या पिढीतले कितीतरी जण खडकीच्या कारखान्यात सायकलनं जायचे. पुढे डबा, मागे कॅरियरवर पोरगं. पुणं तेव्हा सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं आणि सायकल चालवण्याला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं. मग दारात मोटारसायकल आली, सायकल पत्र्याच्या खोलीमागे गंजत पडली आणि घराघरात शुगरच्या गोळ्या आल्या. नुसत्या सायकलीमुळे असं झालं असं मी म्हणणार नाही. पण बसून राहणं वाढलं, हे खरं आहे.

आम्ही सात-आठ जणी रविवारी सकाळी बंडगार्डनपासून निघतो. पूल ओलांडून येरवड्याच्या बाजूला जातो, नगर रस्त्याचा तुकडा पार करून कल्याणीनगरला वळतो, तिथल्या पुलावरून परत अलीकडे येतो आणि कोरेगाव पार्कातल्या वडाच्या सावलीतून पुन्हा बंडगार्डनला. फेरी साधारण सात-आठ किलोमीटरची. चढ नाही म्हटलं तरी चालेल, रस्ता पक्का. थांबत-थांबत तास लागतो. नगर रस्त्यावर गाड्या सुसाट असतात, म्हणून साडेसहाच्या आत तो तुकडा संपवायचा, एकामागे एक चालवायचं. नदीकाठच्या फरसबंदीवर जिथे फक्त चालणाऱ्यांसाठी पाटी असेल, तिथे उतरून सायकल हातात धरायची. नदीला वास येतो, उन्हाळ्यात जास्तच. तो सोसावा लागतो.

घाई करायची नाही. सायकल चालवताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणायला गेलात तर दम लागला पाहिजे. तेवढा वेग बरोबर. मोठ्या माणसानं आठवड्याला निदान 150 मिनिटं असा मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रविवारचा एक तास त्यातला निम्माही नाही. आपले स्नायू काम करताना रक्तातली साखर ओढून घेतात आणि हा परिणाम पुढे काही तास, कधी दिवसभरही टिकतो. म्हणून आठवड्यातून एकदाच दमून येण्यापेक्षा दिवसाआड अर्धा तास बरा. दुखऱ्या गुडघ्यालाही सायकल सोसते, कारण अंगाचं वजन सीटवर असतं.

मात्र सीट खाली असली तर तोच गुडघा पुढून ठणकायला लागतो. सायकलवर बसून टाच पॅडलवर ठेवा. पॅडल अगदी खाली गेल्यावर पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात थोडा वाक राहतो. बायका पडायच्या भीतीनं सीट खाली ठेवतात. मीही चाळिशीत शिकताना तेच केलं आणि महिनाभर गुडघ्याला तेल चोळत बसले. साडी असेल तर चेनकव्हर हवंच, पदर कमरेला खोचा. शुगर असलेल्यांनी चप्पल नको, बंद बूट घाला आणि घरी आल्यावर तळपाय बघा. पायाला बधिरपणा असला की लागलेलं कळत नाही.

आता माझी चूक सांगते. आमच्यातल्या एक ताई शुगरची गोळी घेऊन, पोटात काही न घालता आल्या होत्या. पुलावर त्यांचे हात थरथरायला लागले, घाम फुटला, काहीतरी असंबद्ध बोलू लागल्या. कुणी म्हणालं दमल्या, कुणी म्हणालं ऊन लागलं. सकाळी सात वाजता कसलं ऊन! साखर उतरली होती. चहाच्या टपरीवरून तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली, पंधरा मिनिटांत त्या माणसात आल्या. इतकी वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईनं निघण्याआधी विचारायला हवं होतं, तुम्ही काय खाल्लं. मी विचारलं नव्हतं.

इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड घेणाऱ्यांना हा धोका आहे. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना फारच कमी. आपली गोळी कोणती हे पाकीट दाखवून डॉक्टरांना विचारा, व्यायाम सुरू करतोय हेही सांगा. निघण्याआधी अर्धी भाकरी किंवा पोहे खा, खिशात साखरेची पुडी ठेवा. मीटरवर 100 च्या खाली आकडा असेल तर आधी खा, मग निघा. साखर दिल्यावर पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच द्या. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. कुशीवर झोपवा आणि 108 ला फोन करा.

छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, दरदरून घाम, एकाएकी धाप, यातलं काहीही झालं तर त्याच जागी थांबायचं आणि 108 लावायचा. पित्त असेल म्हणून घरापर्यंत सायकल मारत येऊ नका. बायका तर अशी दुखणी फार अंगावर काढतात. बीपी 180/110 च्या वर असेल तर ते आटोक्यात येईपर्यंत सायकल नको.

नवी सायकल घ्यायची गरज नाही. मागे पडलेली बाहेर काढा, दोन्ही ब्रेक आणि टायर दुरुस्तीवाल्याकडून बघून घ्या. ज्यांना येत नाही, त्यांना आम्ही शनिवारी संध्याकाळी विहाराच्या पटांगणात शिकवतो. पडल्यावर हसणारी पोरं तिथे असतातच, त्यांनाच मागून सायकल धरायला लावतो.